उजेडाचा तक्ता

६ ऑक्टोबर, सोमवार

'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' असं ज्याने म्हटलं, त्याने जुन्या घराचं वायरिंग बदलून पाहिलं नसावं. आज आमचं ठरलं. सगळं जुनं काढायचं, नवं घालायचं.

निमित्त झालं एका काळ्या कोटाचं. सकाळी लॉंड्रीवाला स्वतः दारात. एरवी फोन करून मला बोलावून घेतो. हातात कोट, आणि चेहरा असा की कुणीतरी दगावलंय. म्हणाला, "मावशी, गिऱ्हाईक जरा किरकिरं आहे. म्हणतंय, उन्हात धरलं की रफू दिसतं."

चाळीस वर्षं मी रफू करते. लोकरीच्या कोटाला सिगरेटचं भोक पडो की शालीला कसर लागो, माझं रफू दुसऱ्या दिवशी मलाच सापडत नाही. कोट घेऊन मी बोट फिरवलं. वीण सपाट, कुठे गाठ नाही, ओढ नाही. म्हटलं, "यात काय वाईट आहे, दाखव."

"वीण झकासच आहे मावशी. पण कोट काळा आहे आणि दोरा निळा."

निळा! मी डब्यातलं काळं रीळ आणि गडद निळं रीळ शेजारी शेजारी धरलं. या घरातल्या उजेडात कुणाला फरक कळेल तर शपथ. हे पेपर वाचत बसले होते. म्हटलं, "अहो, तुम्हाला तरी कळतोय का?" यांनी चष्म्यावरून रिळांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत रिळांकडे. म्हणाले, "उजेड कमीच आहे गं." लग्नाला सदतीस वर्षं झाली, पहिल्याच फटक्यात माझं म्हणणं पटल्याची ही पहिलीच वेळ.

हे घर आम्ही घेतलं तेव्हाच तीस वर्षांचं होतं. भिंतींवर लाकडी पट्ट्या, पट्ट्यांच्या पोटात कापडाने गुंडाळलेल्या वायरी, काळी गोल बटणं. दिवे पूर्वी बरे होते, गेल्या दोनेक वर्षांत मिणमिणायला लागलेत. वायरी म्हाताऱ्या झाल्या, दुसरं काय. कोट बाजूला ठेवलाय. नवा उजेड येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

ही वही धाकट्या मुलीने पाठवली. म्हणे, "आई, बाबांना दिवसभर ऐकवतेस ते यात लिही, आणि रोज कुणाचे तरी आभार मान." एक ओळ सोडून लिहिते आहे, मोकळं वाटतं. हल्ली पेनंसुद्धा फिकी येतात. आज आभार: कुणाचेच नाहीत. फार तर यांचे, रिळांबद्दल.

९ ऑक्टोबर

वायरमन येऊन गेला. पन्नाशीचा असेल. तासाभरात पाच वाक्यंही बोलला नाही. मी त्याचं नाव घुम्या ठेवलंय.

माझ्या कामाच्या खोलीतला बोर्ड त्याने उघडला आणि तसाच थांबला. मला बोलावून आत टॉर्च मारला. म्हणाला, "हे बघा." मी पाहिलं. काळ्या बोर्डात काळंच असणार, त्यात बघायचं काय? यांनी मात्र पाहिलं आणि तोंडातून "अरे बापरे" निघालं.

"इस्त्रीचा प्लग काढताना ठिणगी दिसायची का?"

"छे," मी म्हटलं. "वास यायचा थोडा. मी समजले लोकरीचा."

"आतून जळत आलंय सगळं. आणि खाली टोपलीभर लोकर ठेवलीय तुम्ही." एवढंच बोलला आणि मेन स्विच बंद करायला गेला. त्या खोलीची लाइन तोडली, मीटरपासून नवी तात्पुरती वायर ओढली, नवा बोर्ड लावला, मगच हात धुतले. बाकीचं काम आठ दिवसांनी ठरवू म्हणाला. आभार: घुम्याचे, मनापासून. त्या टोपलीजवळ मी रोज सहा तास बसते.

जाताना त्याने आम्हाला एकेक खडू दिला. मला लाल, यांना हिरवा. "आठ दिवस हे करायचं. अंधार पडल्यावर खोलीत शिरलात की हात आपोआप भिंतीवर जिथे जाईल तिथे फुली मारा. डोक्याने नाही, हाताने. आणि जिथे दिवा हवासा वाटेल तिथे गोल काढा." मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, "बटणं माणसाला लागतात तिथे नसतात, ताई. मागच्या वायरमनला सोयीची पडली तिथे असतात." घुम्यासाठी हे व्याख्यानच झालं.

१२ ऑक्टोबर

खडूचं काम मजेचं आहे. जेवणघरात चौकटीच्या डाव्या बाजूला माझ्या फुल्यांचा ढीग झालाय, आणि बटण आहे उजवीकडे, दाराच्या मागे! तीस वर्षं आम्ही दार ओढून, मागे हात घालून दिवा लावतो आहोत आणि कुणाला त्यात काही गैर वाटलं नाही.

यांची मात्र एकही फुली नाही. चांगलं फैलावर घेतलं. "तुम्ही या घरात पाहुणे आहात का?" संध्याकाळी पाहते तर जागोजागी हिरव्या फुल्या, आणि बोटाएवढ्या जाड. बोलल्याशिवाय पुरुषाकडून काम होत नाही हेच खरं.

आज कुणाची तरी घोंगडी रफू केली. जाडं काम. हल्ली लॉंड्रीवाल्याकडून असंच येतं, घोंगड्या, पडदे, पोती म्हणायचंच बाकी आहे. बारीक काम करणारी माणसं कमी झाली की काय कोण जाणे. आभार: माझ्या स्वतःच्या शिस्तीचे. रोज सकाळी बसले की उशीवर दहाबारा सुया ओवून तयार असतात. आदल्या संध्याकाळी ओवून ठेवायची सवय लागलीय हाताला, इतकी की ओवल्याचं आठवतही नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

घुम्या मोजमाप घ्यायला आला. खोलीखोलीतून फिरला, कागदावर घराचा आराखडा काढला आणि खुणा उतरवून घेतल्या. माझे गोल मोजले. पाच खोल्यांत एक्केचाळीस. एकट्या कामाच्या खोलीत चौदा. मी म्हटलं, "कमी पडले तर आणखी काढते." तो हसला नाही.

मग त्याने मीटर काढून व्होल्टेज तपासलं. यांना आकडा दाखवला, मला दाखवला. "पुरेपूर आहे," म्हणाला. मी म्हटलं, तुझं मीटर बघून घे एकदा. यावर त्याने पिशवीतून एक बल्ब काढला, टेबलावरचा जुना उतरवला, तो चढवला आणि बटण दाबलं. हे डोळ्यांवर हात धरून मागे सरकले. नाटकी स्वभाव, पहिल्यापासून.

"कसं वाटतं, ताई?"

"फरक काय पडला?" मी म्हटलं. "तेच मिणमिणणं. दिव्याभोवती जरा पिंजलेल्या कापसासारखं दिसतंय, एवढंच. वायरीच सडल्या तर बल्ब काय करणार?"

घुम्या माझ्याकडे बघत राहिला. मग यांच्याकडे. मग दोघं "जरा हिशेबाचं बोलतो" म्हणून फाटकापाशी गेले आणि अर्धा तास उभे होते. अर्धा तास! आमचे हे घासाघीस करायला लागले की समोरच्याची दया येते. खिडकीतून पाहिलं, पण चेहरे दिसेनात, उन्हाची तिरीप होती.

२० ऑक्टोबर

काम सुरू नाही. घुम्याचा निरोप यांनी सांगितला. आता म्हणे नवा नियम झालाय. घरात दिवे किती आणि कुठे हे ठरवण्याआधी 'उजेडाचा तक्ता' भरावा लागतो. घरातल्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांचा नंबर डॉक्टरकडून लिहून आणायचा, त्यावरून उजेडाचं गणित मांडायचं.

नियम करणाऱ्यांना कधी नव्हे ती अक्कल आली म्हणायची. फॉर्म यांच्याकडे होता. अक्षर इतकं बारीक की छापणाऱ्याला फटके द्यावेत. म्हटलं, तुम्हीच वाचा. यांनी वाचलं: "घरातील जी व्यक्ती बारीक काम करते तिने, म्हणजे, तिने दोन्ही डोळ्यांची तपासणी थेंब घालून करून घ्यावी. नुसती चष्म्याच्या दुकानातली चालणार नाही." इथे दोनदा अडखळले. पुढे: "व्यक्ती आपल्याला काही झालेलं नाही असं म्हणत असल्यास तपासणी विशेष काळजीने करावी." मी म्हटलं, "काय बारकाईने लिहिलंय!" हे म्हणाले, "हो ना, मलाही आश्चर्य वाटलं." पुढच्या सोमवारची वेळ घेतली आहे. मी एकटीच नाही, हेही तपासून घेणार, म्हणजे न्याय झाला.

२३ ऑक्टोबर

काल जिन्याची शेवटची पायरी चुकले. पडले नाही, कठडा धरला. हे धावत आले. म्हटलं, काही नाही, चप्पल निसटली.

आज आईची फार आठवण येते आहे. आईही रफूच करायची, हात तिचाच माझ्या हातात आला. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तेव्हाचा काळ वेगळा, औषधं वेगळी. ऑपरेशन बिघडलं आणि होतं तेवढंही दिसणं गेलं. नंतर ती सात वर्षं होती. दाराशी बसायची, बोटांनी धागे मोजायची. शेजारपाजारचे लोक तिला जुनी फडकी आणून द्यायचे. "आजी, एवढं रफू करून ठेवा हं, घाई नाही." ती मन लावून करायची. फडकं परत नेऊन लोक फेकून द्यायचे. एकदा मी उकिरड्यावर तिच्या हातची वीण ओळखली आणि उचलून घरी आणली. आईला सांगितलं नाही.

मला आत्ता पासष्टावं चालू आहे. मला काही झालेलं नाही. वय झालं की उजेड जास्त लागतो, एवढंच.

२७ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टर आमच्या धाकटीच्या वयाच्या. मी आधी फॉर्म पुढे केला. त्यांनी वाचला, परत पहिल्यापासून वाचला आणि यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता डोळे फाडून वाचत होते. डॉक्टर म्हणाल्या, "असा फॉर्म माझ्याकडे पहिल्यांदाच आलाय. खरं तर सगळ्यांनीच भरायला हवा."

मला वाचायला लावलं. पहिलं मोठं अक्षर खणखणीत वाचलं. दुसऱ्या ओळीची छपाई पुसट होती, तसं स्पष्ट सांगितलं. मग थेंब घातले, हनुवटी त्या यंत्रावर टेकवायला लावली, बराच वेळ आत डोकावत होत्या.

"आजी, मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. उजवा तर चांगलाच पिकलाय. हे आताचं नाही, दोनेक वर्षांचं आहे. तुम्हाला रंग ओळखायला त्रास होत असेल, दिव्याभोवती धुकं दिसत असेल."

मी म्हटलं, "ते राहू दे. फॉर्मवर नंबर तेवढा लिहा, वायरमन खोळंबलाय."

डॉक्टरांनी माझा हात धरला. "नंबर लिहून उपयोग नाही, आजी. घरात सूर्य आणून लावला तरी तुम्हाला इतकंच दिसेल." फॉर्मवर त्यांनी तेच लिहिलं, खाली शिक्का मारला. दिवाणी निकाल लागावा तसा.



२८ ऑक्टोबर

सकाळी फॉर्म उन्हात नेला, नाकाला लावून पाहिला. छापील नव्हताच. हाताने लिहिलेला. आणि ते 'ळ' सदतीस वर्षं मी वाण्याच्या यादीत बघते आहे.

तक्ता गेला खड्ड्यात. मी भांडी आपटली, दारं आपटली, शेवटी समोर जाऊन उभी राहिले. "फसवलंत मला. तुम्ही आणि तो घुम्या, दोघांनी मिळून."

"हो," हे म्हणाले.

"आणि घरात सगळ्यांना ठाऊक? धाकटीला?"

"तिलाही."

"तोंड नव्हतं का सांगायला?"

"दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तू म्हणालीस, माझ्या मरणावर टपलात. दुसऱ्यांदा चार दिवस अबोला धरलास." खरं आहे. धरला होता.

मग मला काहीतरी सुचलं. "त्या सुया," मी म्हटलं. "रोज सकाळच्या."

हे खाली बघत म्हणाले, "तू उठायच्या आधी ओवून ठेवतो. आधी एकेकीला पाव तास लागायचा. आता हात बसलाय."

मी आत जाऊन दार लावून घेतलं. रडले ते रागाने की कशाने, मला सांगता येणार नाही. आज आभार वगैरे काही नाहीत.

खरं लिहायचं तर मला माहीत होतं. चप्पल निसटली नव्हती. पेनं फिकी नाहीत. आईला जे झालं ते माझ्या वाट्याला आलंय हे मला वर्षभरापूर्वीच कळलं होतं आणि मी ते दिव्यांवर, वायरींवर, पेनांवर ढकलत होते. ऑपरेशन केलं आणि बिघडलं तर? आत्ता घोंगडी तरी होते. नंतर फडकी येतील.

१ नोव्हेंबर, शनिवार

घुम्याला बोलावून घेतलं. चांगली खरडपट्टी काढायची म्हणून तोंडपाठ करून बसले होते. तो आला, उंबऱ्यातच थांबला आणि म्हणाला, "बोला ताई. फॉर्मची कल्पना माझी होती. अक्षर साहेबांचं."

पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "एक्केचाळीस पॉइंट मागत होते. मुकाट्याने लावून मोकळा झाला असतास. तुझं काय जात होतं?"

तो जिन्यावर बसला. एवढं मोठं बोलताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. "वायरिंग खराब आहे, ते मी करणारच आहे. त्यात खोटं नाही. पण एक्केचाळीस दिवे लावूनही तुम्हाला दिसलं नसतं. मग तुम्ही मला चोर म्हणाला असतात. त्याचंही काही नाही. पण त्यानंतर तुम्ही कुणाला दोष दिला असता? वायरी नव्या, बटणं नवी, मीटर नवं. घरात कुणी उरलंच नसतं."



मग त्याने क्रम सांगितला. नव्या वायरी आत घालायला भिंती खणून झिरी पाडायच्या म्हणजे घरभर धूळ. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ती चालणार नाही. म्हणून आधी डोळा, मग महिनाभर विश्रांती, मग वायरिंग. तोपर्यंत जुन्या लाइनवर इस्त्री, हीटर काही लावायचं नाही, फक्त दिवे. "आणि ऑपरेशन केलंच नाही तर?" मी विचारलं. "तर उद्यापासून सुरू करतो," तो म्हणाला. "घर तुमचं आहे. पण चौदा दिव्यांखाली बसून तुम्ही चुकीच्या रंगाचं रफू कराल, ते मला बघवणार नाही. माझ्या आईची शाल तुम्ही केली होती, सात वर्षांपूर्वी. अजून आम्हाला भोक कुठे होतं ते सापडत नाही."

तो गेल्यावर डॉक्टरांना फोन लावला. मीच लावला. आकडे यांनी सांगितले.

१० नोव्हेंबर

उद्या उजवा डोळा. धाकटी आली आहे. ती आणि हे माझ्यासमोर मुद्दाम हवापाण्याच्या गप्पा मारतात.

मी यांना सांगून ठेवलंय: बिघडलं तर मला फडकी आणून द्यायची नाहीत. कुणाला आणू द्यायची नाहीत. हे म्हणाले, "बरं." मग थोड्या वेळाने, "पण सुया ओवून ठेवू ना?" मी म्हटलं, ठेवा.

भीती वाटते. लपवून काय करायचं? ही वही फक्त मीच वाचणार, तीही वाचता आली तर.

१२ नोव्हेंबर

डॉक्टरांनी आठवडाभर लिहायला मनाई केली आहे, म्हणून हे मी लिहीत नाहीये.

पट्टी काढली तेव्हा समोर डॉक्टरांचा झगा होता. पांढरा. मी विसरले होते की पांढरा असा असतो. दोन वर्षं माझं सगळं जग मळून पिवळं झालं होतं, चहा सांडलेल्या कापडासारखं, आणि मला पत्ता नव्हता. मी डॉक्टरांना म्हटलं, "तुमच्या बाहीचं बटण वेगळ्या दोऱ्याने शिवलंय." त्या इतक्या हसल्या की नर्स बघायला आली.

घरी आले. प्रथम काय दिसलं तर जळमटं. माझ्या घरात! स्वच्छतेचा मी तोरा मिरवते आणि छताच्या चारही कोपऱ्यांत सुखाने संसार चाललेत. भिंतींवर माझ्या लाल फुल्या आणि गोल, गोवर उठल्यासारखे. मग कोट काढला. लॉंड्रीवाला म्हणाला होता, उन्हात धरलं की दिसतं. उन्हात कसलं, दारातून दिसतं! काळ्या रस्त्यावर कुणी निळं तेल सांडावं तसं. बिचाऱ्याने किती जपून सांगितलं होतं. त्याला फोन केला. म्हणाला, "मावशी, दिसतं ना आता? मग सांगतो. बारीक कामाचे नऊ कोट माझ्याकडे पडून आहेत. गिऱ्हाइकांना सांगितलंय की बाईंना वेळ नाही, थांबावं लागेल. दुसऱ्या कुणाला दिले नाहीत." मी त्याच्यावरच रागावले, "पडून काय ठेवलेस, कसर लागेल त्यांना!" त्यानेही ते बरोबर ऐकून घेतलं.

आभार मानायचे तर वही पुरायची नाही. धाकटी, डॉक्टर, लॉंड्रीवाला, घुम्या. आणि ज्याने आईच्या काळानंतर ही विद्या सुधारली तो जो कोण असेल तो.

१३ नोव्हेंबर

आज सकाळी हे माझ्यासाठी चहा घेऊन आले, खिडकीतून ऊन सरळ त्यांच्या अंगावर.

मी आधी चेहरा पाहिला. म्हातारे झालेत. दोन वर्षांत माझ्या नकळत झाले. मग सदरा पाहिला. कॉलर झिजून दोरे लोंबतायत. तपकिरी स्वेटरच्या उजव्या कोपराला मुठीएवढं भोक, डाव्याला त्याहून मोठं. गावभराचे कोट मी सांधते आणि माझा नवरा असा हिंडतोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"अहो, हे काय? हे किती दिवसांचं आहे?"

"झाली दोनेक वर्षं."

"आणि मला द्यायला काय झालं होतं? मी मेले होते का?"

चहाचा कप त्यांनी नीट टेबलावर ठेवला. "दिला असता तर तू रफू करायला बसली असतीस," हे म्हणाले. "आणि मग तुला कळलं असतं."

स्वेटर काढून घेतला आणि मांडीवर ठेवून बसले. महिनाभर सुई धरायची नाही. नुसती बघत होते, कुठून सुरुवात करायची ते.

१५ डिसेंबर, सोमवार

डॉक्टरांनी काल परवानगी दिली. डावा डोळा पुढच्या महिन्यात, धुळीचं सगळं संपल्यावर. घुम्या उद्यापासून झिरी पाडायला घेतोय. आराखडा आम्ही तिघांनी बसून परत केला. एक्केचाळीसचे अकरा पॉइंट झाले. जेवणघरातलं बटण डावीकडे येणार. घुम्याने कोऱ्या कागदावर नवीन घर काढलं आणि खाली माझी सही घेतली. मी एकेक ओळ वाचून सही केली. तो आणि हे एकमेकांकडे बघून हसले, तेही मला दिसलं.

नऊ कोट टेबलावर आहेत. दहावा तो काळा. त्यांना थांबायची सवय झालीय, आणखी एक दिवस थांबतील म्हटलं. आज स्वेटर घेतला. दोन्ही कोपरं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तपकिरी रंगाच्या तीन छटा लागल्या. दोन महिन्यांपूर्वी मी एकीत भागवलं असतं.

संध्याकाळी ऊन होतं तोवर यांना घालायला लावला आणि खिडकीशी उभं केलं. म्हटलं, शोधा. यांनी हात वाकवला, कोपर उन्हात धरलं, चष्मा वर केला, खाली केला. दुसरं कोपर पाहिलं. बराच वेळ लावला.

"सापडत नाही गं," हे म्हणाले.

दोन वर्षं हे माझ्याशी रोज खोटं बोललेत, आणि मला त्यांचा चेहराच दिसत नव्हता. म्हणून मी अगदी जवळ गेले आणि नीट बघितलं. खरं बोलत होते.